गणेशोत्सवासाठी शहराची ग्रँट: आधी विचारा, पैसा कुठल्या कराचा?

प्रश्न थोडक्यात असा आहे: अमेरिकेत, टेक्ससमधल्या डॅलसच्या उत्तरेकडच्या एका उपनगरातलं मराठी मंडळ. दरवर्षी शाळेचा हॉल भाड्यानं घेऊन गणपती बसवतात, शनिवारी हजार-बाराशे माणसं येतात. यंदा शहराच्या पार्कमध्ये उघड्यावर, ढोल-ताशा लावून उत्सव करायचा आहे आणि शहर, म्हणजे तिथली नगरपालिका, ‘स्पेशल इव्हेंट ग्रँट’ (खास कार्यक्रमासाठी अनुदान) देतं असं कुणीतरी सांगितलं. अर्ज कसा करायचा, किती मिळतात आणि कार्यक्रम देवाचा म्हणून नाकारतील का?

मी टेक्ससमध्ये मंडळांचे आणि छोट्या नाट्यसंस्थांचे असे अर्ज बरीच वर्षं लिहितोय आणि शहराच्या ग्रँट समितीच्या टेबलाच्या पलीकडे बसून अर्जांना गुणही दिले आहेत. त्यामुळे जे सांगतो ते टेक्ससपुरतं धरा. कॅलिफोर्निया किंवा न्यू जर्सीत नियम वेगळे आहेत.

पहिली गोष्ट म्हणजे शहर देणगी देत नाही. आपल्याकडची सवय वर्गणीची. नगरसेवकाला भेटायचं, पावतीपुस्तक पुढे करायचं, मांडवावर त्यांचा फ्लेक्स लावायचा. इथे तसं करायला गेलात तर तो नगरसेवक गोड हसून तुम्हाला वेबसाइटचा पत्ता देईल, कारण त्याच्या हातात तेवढंच असतं. टेक्ससच्या राज्यघटनेचा तिसऱ्या प्रकरणातला ५२वा विभाग शहरांना सार्वजनिक पैसा कुणालाही फुकट देऊ देत नाही. पैशाच्या बदल्यात शहराचा काहीतरी सार्वजनिक हेतू साधला गेला पाहिजे आणि तो साधला की नाही हे तपासायची सोय शहराकडे हवी. म्हणून ग्रँट करारानं येते आणि बहुतेक वेळा आधी खर्च करा, मग पावत्या दाखवून परत घ्या, अशी येते. शहर तुमच्याकडून एक सेवा विकत घेतंय, असं समजून अर्ज लिहायला बसलात की निम्मे घोळ आपोआप मिटतात.

मग शहराला विकत काय घ्यायचंय? ते पैसा कुठून आला यावर ठरतं. अर्ज उघडण्याआधी मार्गदर्शिकेचं पहिलं पान वाचा. तिथे दोनपैकी एक शब्द सापडेल: हॉटेल टॅक्स किंवा जनरल फंड (शहराचा सर्वसाधारण निधी). नाही सापडला तर ग्रँट बघणाऱ्या कर्मचाऱ्याला एक ओळीचं ईमेल टाका. बहुतेक मंडळं हा प्रश्न विचारतच नाहीत, आणि मग हॉटेल टॅक्सच्या पैशासाठी ‘आमच्या मुलांना संस्कृतीची ओळख होते’ असा अर्ज जातो. वाक्य सुंदर आहे, पण त्याला गुण शून्य.

हॉटेल टॅक्सचं प्रकरण नीट समजून घ्या, कारण टेक्ससमधल्या उपनगरांत उत्सवांसाठीचा बराचसा पैसा तिथूनच येतो. इथे हॉटेलात राहिलात की खोलीच्या भाड्यावर राज्य ६ टक्के घेतं आणि शहर साधारण ७ टक्क्यांपर्यंत घेऊ शकतं. शहराच्या वाट्याचा पैसा कशावर खर्च करायचा हे राज्याच्या कर कायद्याच्या ३५१व्या प्रकरणात बांधून दिलेलं आहे. दोन चाळण्या आहेत. खर्चामुळे पर्यटन आणि तिथला हॉटेल-कन्व्हेन्शन (अधिवेशनं, परिषदा) व्यवसाय या दोन्हींना थेट चालना मिळाली पाहिजे, ही पहिली. खर्च कायद्यात दिलेल्या ठराविक प्रकारांत बसला पाहिजे, ही दुसरी. दोन्हींतून पार पडला तरच पैसा. या धंद्यातली माणसं पहिल्या चाळणीला ‘हेड्स इन बेड्स’ म्हणतात. किती डोकी हॉटेलच्या उशीवर टेकली, एवढाच सवाल.

आता तुमच्या उत्सवाकडे या नजरेनं बघा. बाराशे माणसं आली. त्यातली बहुतेक फ्रिस्को, प्लेनो, अर्व्हिंग, कॉपेलची. आरती झाली, जेवण झालं, रात्री दहाला घरी गेली. हॉटेलच्या दृष्टीनं तुमचा कार्यक्रम झालाच नाही. हीच गर्दी एखाद्या कार शोला आली आणि त्यातले चाळीस जण ओक्लाहोमाहून येऊन राहिले, तर तो कार शो तुमच्या पुढे जाणार. यात कुणी पक्षपात करत नाही, कायदाच तसा आहे.

यावर उपाय आहे आणि तो मराठी मंडळांना सहज जमण्यासारखा आहे. ह्यूस्टन अडीचशे मैलांच्या आसपास, ऑस्टिन दोनशेच्या. दोन्हीकडे मराठी मंडळी भरपूर आहेत आणि ढोल-ताशा वाजवणारेही आहेत. पथकं बोलवा, कार्यक्रम शनिवार-रविवार असा दोन दिवसांचा करा, रविवारी सकाळी लेझीमची किंवा एकांकिकांची स्पर्धा ठेवा. बाहेरगावचं पथक आलं की वादक येतात, त्यांच्याबरोबर घरची माणसं येतात आणि रात्रीचा मुक्काम होतोच. मुक्काम मात्र मित्रांच्या घरी नको! आपल्या लोकांना पाहुणे घरी उतरवल्याशिवाय चैन पडत नाही, आणि हिशेबात नेमकं तेच मारक ठरतं. शहरातल्याच एका हॉटेलशी बोलून मंडळाच्या नावानं सवलतीच्या दरात खोल्या धरून ठेवायला सांगा. थोड्या खोल्या असतील तर हॉटेलं हमी मागत नाहीत. न भरलेल्या खोल्यांचे पैसे तुमच्याकडून घेण्याचं कलम करारात असेल तर सही करू नका. कार्यक्रम झाल्यावर हॉटेल त्या नावावर किती खोल्या गेल्या याचा कागद देतं. तो एक कागद पुढच्या वर्षीच्या अर्जात दहा फोटोंपेक्षा जास्त बोलतो. मोठ्या प्रमाणावर हेच गणित बृहन्महाराष्ट्र मंडळाच्या (उत्तर अमेरिकेतल्या मराठी मंडळांच्या मध्यवर्ती संस्थेच्या) अधिवेशनाचं असतं. २०१९ साली ते डॅलसला झालं तेव्हा देशभरातून मराठी माणसं येऊन उतरली होती. अशा अधिवेशनाच्या मागे शहरं स्वतःहून लागतात.

दुसरी चाळणी आपल्या सोयीची आहे. कायद्यातल्या प्रकारांत जाहिरात-प्रसिद्धी आहे आणि कला आहे. कलेच्या यादीत संगीत, नृत्य, नाट्य, लोककला, हस्तकला हे शब्द छापलेले आहेत. म्हणजे ढोल-ताशा, लेझीम, पोवाडा, एकांकिका, शाडूच्या मूर्तीची कार्यशाळा सगळं बसतं, आणि कला सादर करायला लागणारं स्टेज आणि साउंडही बसवता येतं. मात्र कलेवर शहरानं किती खर्च करावा यालाही साधारण १५ टक्क्यांची मर्यादा आहे (ह्यूस्टनसारख्या अगदी मोठ्या शहरांचं गणित निराळं), त्यामुळे त्या एका वाट्यावर शहराचं ऑर्केस्ट्रा, थिएटर, म्युझियम सगळे टपलेले असतात. प्रसिद्धीचा खर्च वेगळ्या वाट्यातून येतो. तिथे एकच काळजी घ्या: जाहिरात शहराबाहेरच्या माणसाला खेचण्यासाठी हवी. गावातल्याच इंडियन ग्रोसरीत लावलेल्या पोस्टरचं बिल जोडलंत तर ते नाकारलं जाईल. ऑस्टिन-ह्यूस्टनच्या मराठी लोकांपर्यंत पोचणाऱ्या फेसबुक जाहिरातीचं बिल चालेल, पण तिच्या रिपोर्टमध्ये ती कुठल्या गावांत दिसली ते छापलेलं हवं.

एक नमुना देतो. आकडे समजण्यापुरते आहेत, पण प्रमाण खरं आहे. उत्सवाचा खर्च धरू २६,५०० डॉलर. त्यात स्टेज आणि साउंड ७,५००, मांडव-खुर्च्या ४,२००, ऑफ-ड्यूटी पोलीस १,९००, विमा ६५०, स्वच्छतागृहं आणि साफसफाई १,४५०, कलाकार आणि पथकं ६,०००, प्रसिद्धी २,८००, पूजा-मूर्ती-प्रसाद २,०००. नवशिकी मंडळं या बेरजेवर ‘कृपया १०,००० द्यावेत’ असं लिहून मोकळी होतात. समितीला मग कळत नाही की हे दहा हजार कशाचे, आणि न कळलं की आकडा कापला जातो. हॉटेल टॅक्सच्या ग्रँटला मी यातून ७,००० मागेन: बाहेरगावच्या पथकांचे आणि कलाकारांचे ४,२००, प्रसिद्धीचे पूर्ण २,८००. पोलीस, विमा, स्वच्छतागृहं मंडळाच्या पैशातून दाखवेन, कारण ती त्या कायद्याच्या कुठल्याच प्रकारात सरळ बसत नाहीत. बघणाऱ्याला प्रत्येक डॉलर कुठल्या खणात पडतोय ते दिसलं पाहिजे.

पैसा जनरल फंडाचा असेल तर वरचं सगळं बाजूला ठेवा. तो रहिवाशांनी भरलेला कर आहे, तेव्हा रहिवाशांना काय मिळणार ते सांगा. किती शेजारी येतील, प्रवेश फुकट आहे का, मराठी न येणाऱ्याला कार्यक्रम कळेल का, व्हीलचेअरवरच्या माणसाला स्टेजपर्यंत रस्ता आहे का. इथे हॉटेलचा विषय काढलात तर उलट विचित्र वाटतं. दोन्हीकडे एक अट सामाईक असते: कार्यक्रम सर्वांना खुला हवा. ‘सभासदांना १० डॉलर, इतरांना २५’ असं फ्लायरवर छापलेलं असेल तर आधी ते बदला. समिती गूगल करते.

आता देवाचा प्रश्न. टेक्ससच्या राज्यघटनेच्या पहिल्या प्रकरणातला ७वा विभाग धार्मिक पंथाच्या लाभासाठी सार्वजनिक पैसा द्यायला मनाई करतो, आणि सरकारनं कुठल्या धर्माची बाजू घेऊ नये असं सांगणारी संघराज्याच्या घटनेची पहिली दुरुस्ती आहेच. पण याचा अर्थ गणपतीचं नाव घेतलं की अर्ज बाद, असा नाही. २०१७ साली ट्रिनिटी ल्युथरन खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की सगळ्यांना खुल्या असलेल्या मदतीतून एखाद्या संस्थेला केवळ ती चर्च आहे म्हणून वगळता येणार नाही. तो खटला एका चर्चच्या बालवाडीच्या मैदानावर रबर टाकण्याचा होता. त्यातून आरतीचा खर्च निघत नाही. निघतो तो एवढाच मुद्दा, की संस्था कोण आहे यापेक्षा पैसा कशावर जातोय हे बघा.

म्हणून हिशेब वेगळा ठेवा. मूर्ती, पूजा, गुरुजींची दक्षिणा, प्रसाद हे सगळं मंडळाच्या पैशातून, बजेटमध्ये वेगळ्या ओळीत, उघड. नमुन्यात ते २,००० मी मुद्दाम वेगळे ठेवले आहेत. लपवाछपवी करू नका. काही मंडळी घाबरून ‘हार्व्हेस्ट फेस्टिव्हल’ असं काहीतरी नाव लिहितात, मग समितीतला कुणीतरी गेल्या वर्षीचा व्हिडिओ उघडतो आणि हत्तीचं तोंड असलेली सहा फुटी मूर्ती बघतो. विश्वास गेला की गुण गेले. त्यापेक्षा सरळ लिहा की हा उत्सव महाराष्ट्रात १८९३ पासून लोकमान्य टिळकांच्या पुढाकारानं सार्वजनिक रूपात वाढला, त्यात व्याख्यानं, मेळे, नाटकं होत आली, आणि आम्ही शहराकडे मागतोय ते या सार्वजनिक भागासाठी. पूजा एका मांडवात ठराविक वेळेला, कलेचा कार्यक्रम वेगळ्या स्टेजवर. नकाशावर दोन्ही दाखवा. तलावात विसर्जनाचा विचार असेल तर तो अर्जात येऊच देऊ नका. या भागातले बरेच तलाव आर्मी कोअर ऑफ इंजिनिअर्सच्या (लष्कराच्या अभियांत्रिकी विभागाच्या) ताब्यात आहेत आणि तो परवानग्यांचा वेगळाच व्याप आहे. हौदात विसर्जन करा, शाडूची मूर्ती विरघळते.

वेळापत्रकाबद्दल लोक सगळ्यात जास्त फसतात. टेक्ससमधल्या शहरांचं आर्थिक वर्ष साधारणपणे १ ऑक्टोबर ते ३० सप्टेंबर. गणपती ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये, म्हणजे वर्षाच्या अगदी शेपटाला. २०२६ साली अधिक मासामुळे गणेश चतुर्थी १४ सप्टेंबरला आणि अनंत चतुर्दशी २५ला. वर्ष संपायला पाच दिवस! त्या वर्षाचे अर्ज आदल्या वसंतात-उन्हाळ्यातच घेऊन झालेले असतात. म्हणजे गणपतीसाठी तुम्हाला सव्वा वर्ष आधी हलावं लागतं, तेव्हा पुढची कार्यकारिणी निवडूनसुद्धा आलेली नसते. दिवाळीचं उलटं. ती नव्या वर्षाच्या तोंडावर येते, करारावर सह्या व्हायच्या असतात आणि सहीच्या आधी केलेला खर्च बहुतेक शहरं धरत नाहीत. कराराची तारीख बघितल्याशिवाय एकही ॲडव्हान्स देऊ नका.

२०२७ची चतुर्थी ४ सप्टेंबरला, शनिवारी येते. ऐकायला छान, पण तो लेबर डेचा वीकएंड आहे. पार्क आत्ताच जाऊन बघा, आणि मिळत नसेल तर अर्जात पुढच्या शनिवारची तारीख टाका. आपली तिथी दरवर्षी हलते हे समितीला एका वाक्यात सांगून टाका, नाहीतर ‘या लोकांचं काही ठरलेलं नसतं’ असा समज होतो.

कागदपत्रांत एकच गोष्ट ताणून सांगतो. मंडळाचा ५०१ सी ३ दर्जा (करमुक्त सेवाभावी संस्थेचा) जिवंत आहे का ते आज आयआरएसच्या, म्हणजे संघराज्याच्या कर खात्याच्या, साइटवर नाव टाकून बघा. वर्षाची जमा साधारण ५०,००० डॉलरच्या आत असेल तर दरवर्षी फॉर्म ९९०-एन नावाचं पोस्टकार्डाएवढं ऑनलाइन विवरण भरायचं असतं. कॅलेंडर वर्ष धरणाऱ्या संस्थांना मुदत १५ मे. सलग तीन वर्षं राहिलं की दर्जा आपोआप रद्द होतो, नोटिशीची वाट बघत नाही. आपल्याकडे खजिनदार दरवर्षी बदलतो, जुना पासवर्ड देत नाही, नव्याला माहीत नसतं, आणि तीन वर्षं भुर्रकन जातात. दर्जा नसलेल्या छोट्या मंडळाला फॉर्म १०२३-ईझेड भरून २७५ डॉलर शुल्कात तो मागता येतो. तोवर एखादी मान्यताप्राप्त कलासंस्था तुमच्या वतीनं पैसे घ्यायला तयार असेल तर काही शहरं ते चालवून घेतात.

विम्याचं तेवढं बघा. शहरं साधारणपणे प्रत्येक घटनेला दहा लाख डॉलर आणि एकूण वीस लाखांचा लायबिलिटी विमा (कुणाला इजा किंवा नुकसान झालं तर भरपाई देणारा) मागतात, आणि त्यावर शहराचं नाव अतिरिक्त विमाधारक म्हणून लागतं. एका मंडळाचं सर्टिफिकेट चारदा परत आलेलं मी पाहिलंय. करारात मंडळाच्या नावापुढे ‘इन्कॉर्पोरेटेड’ होतं, सर्टिफिकेटवर नव्हतं, बँकेच्या खात्यावर तिसरंच नाव. सेक्रेटरी ऑफ स्टेटकडे, म्हणजे संस्थांची नोंदणी करणाऱ्या राज्याच्या कार्यालयाकडे, जे नाव नोंदलं आहे तेच, स्पेलिंगसकट, सगळीकडे वापरा. आणि ग्रँट मंजूर झाली म्हणजे परवानगी मिळाली असं नाही. स्पेशल इव्हेंटचं परमिट दुसऱ्या खात्याकडे असतं, बहुतेक ठिकाणी ६० ते ९० दिवस आधी मागावं लागतं. ४०० चौरस फुटांहून मोठा मांडव असेल तर सहसा फायर मार्शल (अग्निशमन अधिकारी) येतो आणि कापडावर आग न पकडण्याचं लेबल शोधतो. वडापावच्या स्टॉलला आरोग्य खात्याचं तात्पुरतं परमिट लागतं, घरून करून आणलेला फराळ विकता येईलच असं समजू नका.

स्वयंसेवकांचे तास फुकट घालवू नका. मंडळानं स्वतः उचलायच्या खर्चाच्या वाट्यात बरीच शहरं श्रम धरतात, निदान काही प्रमाणात. दर इंडिपेंडंट सेक्टर या संस्थेचा लावतात, २०२४ सालासाठी तो तासाला ३४.७९ डॉलर होता. साठ माणसं आठ-आठ तास राबली की १६,६९९ डॉलर होतात. पण सही-वेळेचा तक्ता हवा. ‘आमची पोरं दोन दिवस झोपली नाहीत’ हा पुरावा होत नाही.

पैसे परत घेताना फाइल अशी हवी: प्रत्येक खर्चाला दुकानदाराचं बिल, मंडळाच्या खात्यातून पैसे गेल्याचा पुरावा, आणि ते बजेटच्या कुठल्या ओळीत बसतं त्याची खूण. सगळ्यात जास्त कापाकापी होते ती झेलमुळे (फोनवरून एका खात्यातून दुसऱ्या खात्यात पैसे पाठवायची सोय). मंडळाच्या कार्यकारिणीतल्या कुणीतरी स्वतःच्या खिशातून साउंडवाल्याला झेल केलं, मंडळानं त्याला झेल केलं, बिल कुणाकडेच नाही. अशी रक्कम मिळत नाही. ढोलपथकाला मानधन देत असाल तर त्यांच्याकडूनही साधं एक पानी बिल आधीच मागून घ्या.

एवढा उपद्व्याप करावा का? तुमचा कार्यक्रम तीनशे माणसांचा असता तर मी नको म्हणालो असतो. विमा, परमिट, पोलीस, अहवाल यांचा खर्चच मिळालेल्या पैशाला खाऊन टाकतो. हजाराच्या वर माणसं आणि पार्कमध्ये जायचं ठरलंच असेल तर करा, कारण त्यातलं निम्मं काम तुम्हाला तसंही करावंच लागणार आहे. पहिल्या वर्षी तीन-पाच हजार मिळाले तरी घ्या. दुसऱ्या वर्षी मागच्या कराराचा अहवाल वेळेवर दिलेल्या संस्थेला समिती वेगळ्या नजरेनं बघते.

आणखी एक, जे फारसं कुणी करत नाही. गेल्या वर्षी ज्यांना ग्रँट मिळाली त्यांचे अर्ज शहराकडे लेखी मागा. टेक्ससच्या पब्लिक इन्फर्मेशन कायद्याखाली ते सहसा मिळतात. दहा कामकाजी दिवसांत द्यायचे, किंवा कधी देणार ते कळवायचं, किंवा न देण्यासाठी राज्याच्या ॲटर्नी जनरलकडे जायचं, एवढेच पर्याय शहराकडे असतात. गुणांची पत्रकंही मागा. कुठल्या प्रश्नाला कुणी किती गुण घेतले हे एकदा वाचलंत की माझ्या या उत्तराची गरज उरणार नाही.

या वर्षीची मुदत टळलेली असली तर शहराला सह-आयोजक व्हायला विचारा. पार्कचं भाडं किंवा पोलिसांचा खर्च काही वेळा माफ होतो आणि तो निर्णय ग्रँट समितीकडे जात नाही. आणि यंदाचा गणपती हॉलमध्येच होणार असेल तरी मोजणी सुरू करा. मोदकाच्या रांगेत फोनवर दोनच प्रश्न: तुमचा झिप कोड काय, आणि आज रात्री हॉटेलात उतरला आहात का. जेवणाच्या किती प्लेटा गेल्या तोही आकडा केटररकडून लिहून घ्या, कारण ‘अंदाजे बाराशे’ला समितीत कुणी विचारलं तर दाखवायला तो कागद लागेल.